भाऊजींची पाण्याखालची कॅसेट

नगरमध्ये स्कूबा डायव्हिंगचा क्लास काढायचा, असं माझ्या धाकट्या दिरांनी जाहीर केलं तेव्हा आमच्या नळाला दिवसाआड पाणी येत होतं, तेही रुसलेल्या जावयासारखं, चार विनवण्या झाल्यावर. कोणाच्याही डोक्यात खूळ शिरू शकतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खुळाला थोडा भूगोल असावा. समुद्र आमच्यापासून दिवसभराच्या एसटीवर, नदीला पाणी पावसाळ्यापुरतं, आणि आमच्या ओळखीतल्या निम्म्या माणसांनी गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात पाय घातलेला नव्हता. अशा गावात भाऊजी लोकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवणार होते.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, घरोघरी व्हीसीआर आले होते आणि लग्नाची कॅसेट केली नाही तर लग्नच झालं नाही असं लोकांना वाटायचं, त्या काळातली. भाऊजी नौदलात पाणबुडे होते. पंधरा वर्षं जहाजांच्या पोटाखाली पोहून, पेन्शन घेऊन बाहेर पडले, मग गोव्याला पर्यटकांना डायव्हिंग शिकवायचं काम केलं. ती कंपनी बुडाली आणि भाऊजी तेवढे वर आले. येताना काळा रबरी सूट, पायातले पंखे, काचेचा मुखवटा आणि हवेची दोन सिलिंडरं घेऊन आले. एसटीत कंडक्टरने सिलिंडरं चढवू दिली नाहीत. यात हवा आहे, असं भाऊजींनी सांगितलं तर तो म्हणाला, हवा काय नगरला मिळत नाही? शेवटी कांद्याच्या टेम्पोतून सिलिंडरं आली आणि पुढे बरेच दिवस आमच्या ओट्याखालून कांद्याचा वास येत राहिला.

सासरे कलेक्टर कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे महिन्याच्या एक तारखेवर. त्यांनी ओळख काढून भाऊजींसाठी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी ठरवून टाकली. माजी सैनिक म्हणून लगेच घेणार होते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं. गेटवर उभं राहायचं, ट्रक आला की शिट्टी मारायची आणि दांडा वर करायचा. भाऊजींनी ऐकून घेतलं. मग रात्री जेवताना मला म्हणाले, "वहिनी, मी तिथे गेलो तर संपलो."

ते उगाच बोलत नव्हते. पाण्याबाहेर हा माणूस फार उपयोगाचा नव्हता. बाजारात गेले तर पिशवी विसरायचे, चारचौघांत बोलताना अडखळायचे, स्कूटर भिंतीला लावायचे. पाण्यात मात्र त्यांना कोणी बघितलंच नव्हतं. सासऱ्यांशी त्यांनी मुदत ठरवली. एक तारखेच्या आत क्लासला जागा मिळाली तर सुपा नाही. नाही मिळाली तर मुकाट्याने गेटवर. सासरे म्हणाले, क्लासचा पगार कोण देणार, मासे?

जागा एकच होती. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याने पाणी साठवायला मोठा तलाव बांधला होता आणि त्याचे चेअरमन त्या तलावावर पर्यटन केंद्र काढायच्या विचारात होते. चेअरमन नुकतेच ऊस संशोधनाच्या अभ्यासदौऱ्यावर बँकॉकला जाऊन आले होते. बँकॉकला किती ऊस आहे ते मला माहीत नाही, पण फुलाफुलांचा शर्ट घालून समुद्रकिनाऱ्यावर काढलेला त्यांचा फोटो कारखान्याच्या ऑफिसात लागला होता. भाऊजी भेटायला गेले. चेअरमननी सगळं ऐकून घेतलं, पान लावलं आणि म्हणाले, कॅसेट करून आणा, मग बघू. आमच्या जिल्ह्यात त्या काळी तोंडाने सांगितलेलं कोणाला पटत नसे. टीव्हीवर दिसलं की पटे.

कॅसेट करायला बाहेर जायची गरज नव्हती. दिल्ली गेटजवळ आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. हे शूटिंग करायचे. मी मागच्या खोलीत दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर घेऊन बसायचे, जोडाजोड करायचे आणि निवेदन माझ्याच आवाजात भरायचे. "दोन जिवांचं मीलन" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतून उठवलं असतं तरी त्याच सुरात म्हटलं असतं.

आमच्या ह्यांना शूटिंगची एकच रीत माहीत होती, लग्नाची. आधी देव, मग मांडव, मग वडीलधारे, मग प्रत्येक पाहुण्याचं जेवताना तोंड आणि उरलेल्या कॅसेटमध्ये नवरा-नवरी. देवाचे दोन तुकडे ह्यांच्याकडे तयार असायचे. आमच्या बौद्ध लोकांच्या लग्नाला बुद्धमूर्ती आणि त्रिसरण, बाकीच्यांच्या लग्नाला गणपती. आमच्या घरात गणपती नव्हता, पण धंद्यात होता. आता भाऊजींच्या कॅसेटला सुरुवातीला काय लावायचं यावर पहिली बैठक झाली. भाऊजी म्हणाले, समुद्र लावा. समुद्राचा तुकडा ह्यांच्याकडे नव्हता. हे म्हणाले, चेअरमन बघणार आहेत, गणपतीच लावू. भाऊजी म्हणाले, गणपतीचा आणि डायव्हिंगचा संबंध काय? हे म्हणाले, विसर्जन. गणपती लागला.

पाण्याखालचं शूटिंग करायचं म्हणजे पाण्यात चालणारा कॅमेरा हवा. तो आमच्याकडे नव्हता आणि असता तरी ह्यांना पोहता येत नव्हतं. पण आमचे हे हार मानणाऱ्यांतले नव्हते. सावेडीतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मोठी काचेची माशांची टाकी होती. रविवारी डॉक्टरांची परवानगी काढून आम्ही तिघं गेलो. टाकीच्या पलीकडे भाऊजी मुखवटा लावून, तोंडात नळी धरून ओणवे उभे राहिले आणि हे अलीकडून काचेतून शूटिंग करू लागले. भाऊजींच्या तोंडासमोरून सोनेरी मासे जात होते. हे सारखे म्हणत होते, जरा हसा. नळी तोंडात धरलेला माणूस कसा हसणार, हे त्यांना कोणी सांगावं? रविवारीही एक म्हातारे पेशंट चुकून आले होते, ते बाकावर बसून सगळं बघत होते. जाताना त्यांनी मला हळूच विचारलं की ही तपासणी कशाची आणि उपाशीपोटी करावी लागते का.

मग चेअरमनचं शूटिंग झालं. तलावाच्या भिंतीवर ते फेटा बांधून उभे राहिले आणि पाण्याकडे बोट दाखवू लागले. आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग गॉगल लावून. पाण्यात काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण बोट दाखवायची सवय दांडगी. तलावात उतरायला मात्र त्यांनी परवानगी दिली नाही. ते म्हणाले, संचालक मंडळाचा ठराव झाल्याशिवाय पाण्याला हात लावता येणार नाही. म्हणजे परवानगीसाठी कॅसेट दाखवायची आणि कॅसेटसाठी परवानगी काढायची. सहकाराची आमच्याकडची सगळी विद्या या एका वाक्यात आली.

तेव्हा खरं पाणी शोधणं आलं. पारनेर तालुक्यातल्या एका गावचा बागायतदार आमचं गिऱ्हाईक होता, त्याच्या मुलीचं लग्न ह्यांनी शूट केलं होतं. त्याची विहीर मोठी, दगडी बांधकामाची, आत पायऱ्या असलेली. राळेगणसिद्धीचं बघून त्या गावानेही बांधबंदिस्ती केली होती, त्यामुळे एप्रिलमध्येही विहिरीत चांगलं खोल पाणी होतं. तो म्हणाला, खुशाल या. एक भरलेलं सिलिंडर भाऊजींनी घरी तोंडाला नळी लावून दाखवण्यात आणि शेजाऱ्यांच्या हौसेत संपवलं होतं. नगरमध्ये ते पुन्हा भरायची सोय नव्हती. दुसऱ्यातली हवा होती तेवढ्यात काम उरकायचं होतं.

आम्ही टेम्पोतून उतरलो. भाऊजी लिंबाच्या झाडाखाली काळा सूट चढवू लागले. हे कॅमेऱ्याला बॅटरी लावत होते. आम्ही कोणाशी अक्षर बोललो नव्हतो. पण रबरी सूट घातलेला माणूस विहिरीकडे निघाला, एवढं शेतातल्या एका बाईने पाहिलं आणि खुरपं टाकून ती वस्तीकडे पळाली. थोड्याच वेळात चहूकडून माणसं आली. बाया तोंडाला पदर लावून एका बाजूला बसल्या, पुरुष दुसऱ्या बाजूला उभे राहिले. कोणी आम्हाला, तुम्ही कोण, असं विचारलं नाही. एकाने येऊन दबक्या आवाजात एवढंच विचारलं, "कोन गेलं?"

मला आधी कळेना. मग कळलं आणि मला संताप आला, मग हसूही आलं. आमच्याकडे विहिरीत पट्टीचा पोहणारा उतरतो तो एकाच कामाला. मढं काढायला. विहिरीभोवती चार माणसं जमली की बायका आधी आपापल्या लेकी-सुना मोजतात. गावचे पोलीस पाटील डोक्यावर टोपी नीट करत आले आणि फौजदारांना कळवलं का, असं ह्यांना विचारू लागले. हे आनंदात होते. एवढी गर्दी फुकट मिळाली म्हणून ते एकेकाचं तोंड टिपत फिरत होते, पंगतीतून फिरावं तसे.

मी पाटलांना समजावलं की कोणी गेलेलं नाही, ही जाहिरात आहे, माझे दीर लोकांना पाण्याखाली जायला शिकवणार आहेत. त्यांनी विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, मजेसाठी. एक म्हातारा बाबा पुढे झाला आणि मला समजूत घातल्यासारखं म्हणाला, "मजेसाठी आमी बी पवतो, ताई. पन खाली जाऊन बसायचं कशापायी?" खरं सांगायचं तर तोच प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता.

मढं नाही म्हटल्यावर लोकांचा सूर बदलला. आतापर्यंत जे आदबीने वाट देत होते, ते आता जवळ येऊन निरखू लागले. आणि मग तो प्रश्न आला, ज्याची मी सकाळपासून वाट बघत होते. पाव्हणे कुठले, आडनाव काय? अगदी गोड आवाजात. मढं काढायला उतरणाऱ्याला आमच्याकडे कोणी आडनाव विचारत नाही. तेव्हा सगळे देवमाणूस असतात. भाऊजींनी पंखे पायात चढवता चढवता आडनाव सांगितलं. सरळ, मोठ्याने, हजेरी द्यावी तसं. विहिरीचा मालक आपल्या चपलांकडे बघू लागला. त्याला आमचं आडनाव माहीत होतं, पावतीवर होतंच. पण ते गावाला कळणं वेगळं. मागून कोणीतरी पुटपुटलं की या विहिरीचं पाणी खंडोबाच्या पालखीला जातं. दुसरा म्हणाला, आता तसलं काही राहिलं न्हाई, पन उगाच कशाला. या "पन उगाच कशाला"वर आमचा जिल्हा चालतो. मी पिशव्या गोळा करायला लागले. मला तिथे एक क्षण थांबायचं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरून एक बाई धावत आली. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. तिला कोणीतरी सांगितलं होतं की विहिरीत माणूस उतरतोय. तिची मुलगी काही दिवसांपासून घरात नव्हती. गावाला ते माहीत होतं. पाटलांनाही माहीत होतं. तरी या विहिरीत कोणी बघितलं नव्हतं, कारण बघायचं म्हणजे सापडायची भीती आणि सापडली की फौजदार. ती बाई थेट भाऊजींसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, माजी पोर हाय का बगा."

आता पालखीचं पाणी कोणाला आठवलं नाही. पाटील स्वतः बाजूला झाले आणि म्हणाले, "उतरा, साहेब." साहेब! मला त्या क्षणी त्यांची टोपी विहिरीत फेकावीशी वाटली.

भाऊजी पायऱ्या उतरले, मुखवटा लावला आणि पाण्यात गेले. आमचा ठरलेला कार्यक्रम असा होता की त्यांनी बुडी मारायची, वर यायचं, हात हलवायचा, पुन्हा बुडी मारायची. त्यातलं काही झालं नाही. ते खाली गेले ते खालीच राहिले. पाण्यावर फक्त बुडबुडे येत होते आणि ते हळूहळू विहिरीच्या एका कडेने फिरत होते. पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं, त्यात खाली दिसणार काय? पुढे त्यांनी मला सांगितलं की काहीच दिसत नव्हतं, हाताने चाचपत ते सगळा तळ फिरले. बुडबुडे फिरतील तशी ती बाई काठाने फिरत होती. एके ठिकाणी बुडबुडे थांबले तेव्हा ती मटकन खाली बसली. मग ते पुढे सरकले. आमचे हे कॅमेरा धरून उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणाला हसा म्हणून न सांगता.

भाऊजी वर आले तेव्हा सिलिंडर रिकामं होत आलं होतं. ते पायरीवर बसले, नळी तोंडातून काढली, दम घेतला. बाई दोन पायऱ्या वर उभी होती. विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं. भाऊजीच म्हणाले, "मावशी, खाली कोणी नाही. सगळीकडे हात फिरवून पाहिलं. कोणी नाही."

ती खाली उतरली. तिने दोन्ही हातांनी त्यांचं ओलं तोंड धरलं, गालांवरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर काडकाड बोटं मोडली. मग हसायला लागली. रडतही होती, पण हसत जास्त होती. भाऊजी तिथेच बसून राहिले, त्या काळ्या सूटमध्ये, पंखे पाण्यात सोडून. पंधरा वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडावर असा भाव मी पाहिला नव्हता.

त्यानंतरचा भाग पुन्हा आपल्या जिल्ह्याला शोभेलसा झाला. मालकाने विचारलं, खाली माझ्या मोटारीचा फूटवॉल लागला का हाताला? एकीची कळशी पडली होती, दुसऱ्याची पाइपाची पक्कड. भाऊजींनी उरलेल्या हवेत पक्कड काढून दिली. पाटलांनी शाल-श्रीफळ मागवलं आणि रबरी सूटवर शाल पांघरून सत्कार झाला. सत्काराच्या वेळी पाटलांनी भाषणात आडनाव घेतलं नाही. नुसतं "नगरचे पाहुणे" म्हणाले.

मी कॅसेट जोडायला बसले. गणपती, मग चेअरमन बोट दाखवतायत, मग माशांच्या टाकीतले भाऊजी. निवेदनात मी "अथांग निळाईचं आमंत्रण" असं लिहिलं होतं, ते हिरव्या विहिरीवर वाचताना माझी मलाच लाज वाटली. ह्यांच्या मिक्सरमध्ये बदामाच्या आकारात चित्र उघडायची सोय होती आणि ती त्यांना प्राणाहून प्रिय. भाऊजी पाण्यात उतरतात तो तुकडा त्यांनी बदामातून उघडायला लावला. मी भांडले. ते म्हणाले, लोकांना आवडतं. पण विहिरीच्या त्या तुकड्याला मी कशालाच हात लावू दिला नाही. निवेदन नाही, सनई नाही, बदाम नाही. बुडबुडे, ती बाई, भाऊजींचं ओलं तोंड. सगळ्या कॅसेटमध्ये खरं म्हणावं असं तेवढंच होतं आणि ते बघताना कोणालाही कळलं असतं की या माणसाला पाण्यात सोडावं, गेटवर बसवू नये.

महिना संपायला आला होता. चेअरमनच्या बंगल्यावर कॅसेट लावली. दोन-चार संचालक, चिवडा, चहा. चेअरमन स्वतःचं शूटिंग आलं तेव्हा पुढे सरसावून बसले आणि गॉगलवाला भाग मागे घेऊन पुन्हा बघितला. माशांच्या टाकीचं त्यांना खरंच वाटलं. बँकॉकला अगदी हेच मासे होते, म्हणाले. मग विहीर आली. खोलीतली चिवड्याची कुरकुर थांबली. चहाचे कप न्यायला आलेल्या चेअरमनच्या पत्नी दारातच उभ्या राहिल्या. बाईने बोटं मोडली तेव्हा त्यांनी पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, झालं काम.

कॅसेट संपली. चेअरमन म्हणाले, "छान आहे. तेवढी ती बाई काढून टाका."

भाऊजींनी विचारलं, का? चेअरमननी समजावून सांगितलं. पर्यटन केंद्रात लोक बायका-मुलं घेऊन येणार, त्यांना विहिरीत पोरगी शोधणारी बाई कशाला दाखवायची? उद्या लोक म्हणतील, कारखान्याच्या तलावात मुली पडतात. तालुक्याची बदनामी. त्या जागी त्यांचं एक लहानसं भाषण टाकावं, ते उद्याच देतील. बाई काढली तर सोमवारच्या मंडळात ठराव, एक तारखेपासून क्लास चालू. त्यांनी एवढं सरळ कोणालाच कधी काही कबूल केलं नव्हतं. मुलींनी विहिरी जवळ करण्यात तालुक्याची बदनामी नव्हती. ती कॅसेटमध्ये होती.

आमचे हे लगेच म्हणाले, होय साहेब, मिनिटाचं काम आहे. आणि मला डोळ्यांनी खुणावत होते की मूळ कॅसेट आपल्याकडे राहीलच, कापायला काय जातं. व्यवहार म्हणून त्यांचं बरोबर होतं. मी भाऊजींकडे बघितलं. तो माणूस बोलताना अडखळायचा, असं मी आधी म्हटलंय. त्या दिवशी नाही अडखळला.

"साहेब, इतकी वर्षं मी पाण्याखाली जातोय. वर आलो की वरचे एकच विचारतात, सापडलं का. काही सापडलं नाही म्हणून कोणी माझ्या तोंडावरून हात फिरवला, असं एकदाच झालं. ते कापायचं असेल तर राहू द्या."

चेअरमन जराही रागावले नाहीत. ते म्हणाले, बरं, मंडळापुढे ठेवतो. आमच्याकडे ज्या कामाचं वाट्टोळं करायचं असतं ते मंडळापुढे ठेवतात. आम्ही चिवडा संपवून निघालो.

घरात शिरल्यावर हे पुष्कळ बोलले. हातातोंडाशी आलेला घास एका अनोळखी बाईपायी घालवला, हा त्यांचा मुद्दा. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आयुष्यभर बदाम काढलेत, एक माणूस काढला होता, तोही कापायला निघालात. त्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. भाऊजींनी सूट धुऊन, पावडर लावून, घडी करून पेटीत ठेवला आणि एक तारखेला सकाळच्या गाडीने सुप्याला गेले. सासरे त्यांना पोचवायला स्टँडवर गेले होते. त्यांना त्या दिवशी किती आनंद झाला असेल, असं मला वाटलं होतं. पण परत आले ते नुसते आरामखुर्चीत बसून राहिले, पेपरसुद्धा उघडला नाही.

कारखान्याच्या तलावात बदकाच्या आकाराच्या पायडलच्या बोटी आल्या. पुढच्या उन्हाळ्यात तलाव आटला आणि बदकं चिखलात तिरकी बसली. पाण्याचा पत्ता नाही आणि बोटींच्या उद्घाटनाची कोनशिला मात्र जागेवर. तिच्यासमोर उभं राहून मी एकदा मनसोक्त हसून घेतलं.

त्या बाईची मुलगी भोसरीला निघाली. एका टेम्पोवाल्याशी लग्न करून, एका कारखान्यात पॅकिंगला जात होती, मजेत होती. मुलगी घरात दिसली नाही की आमच्याकडे आधी विहिरीत वाकून बघतात, मग एसटी स्टँडवर चौकशी करतात. बापाने तिचं नाव टाकलं. आई चोरून जाऊन भेटून आली आणि येताना आमच्या स्टुडिओत येऊन हे सांगून गेली. भाऊजींना कळवायचं, एवढंच तिचं काम होतं.

क्लास निघालाच नाही. पण ह्यांनी ती कॅसेट आमच्या केबलवाल्याला दिली. दुपारच्या वेळी लावायला त्याच्याकडे काही नसायचं, त्याने ती वरचेवर लावली. त्यामुळे शिकायला एक माणूस आला नाही, पण जिल्ह्यात कुठे कोण विहिरीत गेलं की लोक जीप घेऊन सुप्याच्या गेटवर येऊ लागले. पार जामखेडकडून सुद्धा आले. मॅनेजर बरा होता, सोडायचा. मुंबईच्या ओळखीतून सिलिंडर भरून आणायची व्यवस्था भाऊजींनी करून ठेवली. शिट्टी टेबलावर ठेवायची, गणवेश काढायचा आणि जीपमध्ये बसायचं. आडनाव कोणी विचारत नसे.

अशा दिवशी संध्याकाळी ते सुप्याच्या खोलीवर न जाता नगरला आमच्याकडे येत. मोरीत बराच वेळ अंघोळ करत, थोडा भात खात आणि भिंतीकडे तोंड करून झोपत. पण कधी खाली काही सापडलं नाही, तर येताना स्टँडजवळच्या दुकानातून गरम जिलेबी घेऊन यायचे. कोणी काही विचारायचं नाही. सासरे सगळ्यांच्या ताटात वाढायचे आणि आम्ही पोट भरून खायचो. त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरी जिलेबी फार वेळा आली नाही.